टाकीवरचा डहाळा

मेंढरं गेली त्या वर्षी मी सातवीत होतो. त्याआधी आमचं घर म्हणजे कळपच. दिवाळी झाली की आबा आणि आई मेंढरं घेऊन आटपाडीहून कृष्णाकाठाला उतरायचे आणि मिरगाच्या तोंडावर माघारी यायचे. मला शाळेसाठी पलूसला आत्याकडं ठेवलं होतं. कळप त्या बाजूला आला की आई कुणाच्या तरी उसाच्या बांधावर तीन दगड मांडून भाकरी करायची आणि मी शाळा सुटली की तिथं जाऊन जेवायचो. ज्यांच्या शेतात मेंढरं बसायची, त्यांची पोरं माझ्याच वर्गात होती. ती उभी राहून बघायची आणि मी मान खाली घालून खायचो.

मग रोग आला. आठवड्यात कळप संपला, उरली ती चार म्हातारी मेंढरं. आबांनी काठी आढ्याला खोचली आणि विहिरीच्या कामाला गेले.

आमच्या दुष्काळी भागात तेव्हा विहिरी खोल खोल चालल्या होत्या. वर यारी, म्हणजे विहिरीवरची क्रेन, तिच्या दोराला लोखंडी पाटी, पाटीत बसून माणूस खाली. खडक लागला की सुरुंग. सुरुंगाचा धूर गेला तरी तळाला वाईट हवा राहते, हे त्या माणसांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. म्हणून आधी लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून तळापर्यंत सोडायचा आणि खालीवर, खालीवर हलवायचा. याला ते वारं घालणं म्हणायचे. वारं घातलं की मुकादम पहिला उतरणार, मग बाकीचे. दुसऱ्याला आधी उतरवणाऱ्या मुकादमाच्या हाताखाली कोणी काम करत नसे. आबांच्या टोळीचे मुकादम म्हणजे तात्या. नात्यातले नव्हते, पण आमच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय काही ठरत नव्हतं.

विहिरीच्या कामात आबांचा एक कान गेला, पायाची दोन बोटं गेली. ते कुठल्या कागदावर आलं नाही. त्याच कामाच्या पैशावर मी बीएस्सी झालो, पुढं औद्योगिक सुरक्षेची पदविका केली. आमच्या वस्तीवरचा पहिला पदवीधर मी आहे. कुणाची चिठ्ठी नव्हती, वशिला नव्हता. हे मी सांगतो, आणि पुढं जे लिहायचं आहे ते लिहूनसुद्धा सांगणार.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. माझ्याकडं ठेकेदार. कारखान्यातलं जे काम जिवाला धोक्याचं, ते बहुतेक ठेकेदाराच्या माणसांनी करायचं असतं: उंचावरचं, आगीजवळचं, टाकीच्या आतलं. त्या माणसांकडं पट्टे आहेत का, त्यांना काम समजावलंय का, हे मी बघायचं, काम सुरू करायच्या परमिटवर सही करायची आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक ठेकेदाराला गुण द्यायचे.

एक ठेकेदार कायम पहिला यायचा. त्याच्याकडं अपघात शून्य. शून्य कसा, ते मला ठाऊक होतं. बोट कापलं की हळद भरून माणूस घरी पाठवायचा आणि त्याची हजेरी चालू ठेवायची. त्याचे नवेकोरे सुरक्षा पट्टे गुदामात ओळीनं टांगलेले असायचे, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. पिशव्या फाडल्याच नव्हत्या, म्हणजे वापरलेच नव्हते. माझ्या तक्त्यात रकाना होता ‘पट्टे उपलब्ध’. मी बरोबरची खूण करायचो.

त्याच ठेकेदाराकडं मी तात्यांना लावलं. विहिरी आता पोकलेननं निघत होत्या आणि तात्या घरी बसून होते. आबांनी फोनवर दोनदा विषय काढला. मी ठेकेदाराला म्हणालो, विहिरीवरचा जुना मुकादम आहे, टाक्या साफ करायला असा माणूस मिळणार नाही. त्यानं लगेच ठेवलं. तात्या आपल्या भागातली पाच माणसं घेऊन साताऱ्याला आले. पहिल्या दिवशी फाटकावर माझं टोपी घातलेलं रूप बघून टोळीला म्हणाले, “ह्यो आमच्या गड्याचा ल्योक. ह्यानं कागुद फाडला की तुमची भाकरी बंद. सायेब म्हणा रं.” सगळे हसले. मला लय बरं वाटलं.

कारखान्याचं घाण पाणी जिथं जमतं ती टाकी जमिनीत आहे. वीसेक फूट खोल, तोंड एवढं की माणूस हात वर करून जेमतेम आत जाईल. वर्षातून एकदा तळाचा गाळ काढायचा. त्या दिवशी सकाळी मी मीटरची नळी आत सोडली. वरती, मध्ये, तळाला, तिन्हीकडं हवा ठीक दाखवली. परमिटवर सही केली. पण हवा खेळती ठेवणारा पंखा जागेवर नव्हता. तात्या म्हणाले, तो दुसऱ्या कामावर गेलाय, दुपारनंतर येतोय. मला बैठकीला बसायचं होतं. ठेकेदारांच्या गुणांचीच बैठक होती ती.

मी म्हणालो, “तात्या, पंखा आल्याबिगर उतरायचं न्हाई.”

“न्हाई उतरत. तू जा बिनघोर.”

टाकीच्या कडेला लिंबाचा डहाळा पडलेला मी बघितला. ताजा तोडलेला, कुंपणाजवळच्या झाडाचा, दोर बांधून तयार. दुसरा कोणी अधिकारी असता तर त्यानं विचारलं असतं, हे काय आहे. मला विचारायची गरज नव्हती. मला विहीर आठवली, आबा आठवले, आणि मी हसून निघालो. सही केलेलं परमिट त्यांच्याकडं ठेवून.

पुढचं टोळीतल्या माणसांनी सांगितलं ते असं. ठेकेदाराचा फोन आला की काम आजच संपलं पाहिजे. तात्यांनी डहाळा सोडला आणि वारं घातलं. विहिरीच्या तळाला खडक असतो, इथं तळाला गुडघाभर सडलेला गाळ होता. गाळ निजलेला होता तोवर त्याच्या पोटातला वायू आत दबलेला होता, म्हणून माझ्या मीटरला दिसला नाही. डहाळ्यानं गाळ ढवळला. पहिल्यांदा सडक्या अंड्यासारखा वास आला, मग वास गेला. तो वायू नाकच मारतो, वायू असला तरी पुढं वास कळत नाही. टोळीला वाटलं, हवा साफ झाली.

मुकादम पहिला उतरणार. तात्या कमरेला दोर बांधून उतरले.

तळाला पाय टेकला आणि ते बसले, असं वरून दिसलं. पाच जणांनी दोर ओढला. कमरेला बांधलेला माणूस बेशुद्ध झाला की मध्ये दुमडतो. दुमडलेलं अंग त्या तोंडातून येईना. छातीचा पट्टा असता तर माणूस सरळ उभा वर आला असता. पट्टे गुदामात होते. मी पोचलो तेव्हा दोर ताणलेला होता आणि एक जण त्यांच्यामागं उतरायला निघाला होता. त्याला मी कवेत धरून मागं पाडलं. एवढंच माझ्या हातून त्या दिवशी झालं. हवेचं नळकांडं लावून माणसं आत गेली तोवर तात्या संपले होते.

आटपाडीला मातीला गेलो. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर आबा म्हणाले, “तुजं यंत्र काय म्हणत हुतं रं?”

“ठीक हाय म्हणत हुतं, आबा.”

“आन त्याचा डहाळा?”

“डहाळाबी ठीकच म्हणत हुता.”

“मग दोगं सारखंच निगालं की. त्यो तर अडाणी हुता.”

त्यानंतर आबा माझ्या नोकरीबद्दल कुणाला सांगत नाहीत. आधी एसटीत शेजारी बसलेल्यालाही सांगायचे.

चौकशी झाली. व्यवस्थापकांनी मला समजावलं, वाईट बोलले नाहीत. म्हणाले, कामगारानं सूचना पाळली नाही, हे खरंच आहे ना? खरं होतं. मी तसं लिहून दिलं. पंधरा दिवस झोप नाही लागली तेव्हा दुसरा जबाब लिहिला: पंखा नसताना मी परमिट दिलं, पट्टे न बघता गुण दिले, डहाळा बघितला आणि तो काय करेल हे शिकलेला असून ओळखलं नाही. तो जबाब फायलीला लागला का, मला कोणी सांगितलं नाही. माझी एक बढती थांबली. ठेकेदाराचं नाव यादीतून काढलं. वर्ष सरायच्या आत त्याच्या बायकोच्या नावानं नवी कंपनी आली, तीच माणसं, त्याच टोप्या, वर नवा स्टिकर. मी हरकत घेतली. कागद पूर्ण आहेत, असं उत्तर आलं. कागद खरंच पूर्ण होते, ते कसे पूर्ण करायचे हे त्यांना मीच शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी टाकीचं परमिट माझ्या टेबलावर आलं. मी सही केली नाही. माणूस आत जाणार नाही, गाळ वरून पंपानं ओढा, असं लिहिलं. मला दुसऱ्या विभागात बसवलं आणि दुसऱ्यानं सही केली. त्या वर्षी माणसं उतरली आणि जिवंत वर आली, म्हणजे मी घाबरट ठरलो. त्याच्या पुढच्या वर्षी सही करणारा नोकरी सोडून गेला, कागद पुन्हा माझ्याकडं. पुन्हा नाही म्हणालो. व्यवस्थापक चिडून म्हणाले, “एका माणसासाठी किती वर्षं रडणार तुम्ही?”

मी म्हणालो, “माणूस माझा होता, सर. टाकी तुमची आहे.”

आणखी दोन वर्षं हेच चाललं. मला वाटतं, शेवटी त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी पंप आणला. माझं पटलं म्हणून काही झालं नाही.

वसाहतीत अशा कितीतरी टाक्या आहेत. त्यात माणसं उतरतात, आजही उतरली असतील. आमच्या टाकीच्या तोंडावर आता लोखंडी जाळी वेल्ड केली आहे आणि गाळ पंपानं ओढतात. त्या टाकीत माणूस उतरत नाही.