इरिटेटिंग की इरिटेटेड

मुलगी परदेशी गेल्यापासून नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. बिनचूक इंग्रजीत मेसेज पाठवला, की तिचा नुसता अंगठा येतो. एकदा शेजारच्या ड्रिलला वैतागून गडबडीत लिहिलं, ‘आय ॲम व्हेरी इरिटेटिंग.’ लगेच फोन!

“बाबा, वैतागलेला तो इरिटेटेड. इरिटेटिंग म्हणजे वैताग आणणारा!”

“मग बरोबरच लिहिलंय की!”

ती खळखळून हसली. तेव्हापासून आठवड्याला एक चूक मी विचारपूर्वक करतो. काल ‘फेड अप’पुढे मुद्दाम ‘फ्रॉम’ लावलं.

“‘विथ’ रे, बाबा! चुका सुधारणारं ॲप टाकून घे ना.”

“माझ्या फोनवर ते चालत नाही,” मी घाईघाईनं म्हणालो.

“बरं, मग मीच सुधारत जाईन,” ती म्हणाली. फोन तिनंच घेऊन दिला होता.