दुसऱ्याच्या गाडीचं माप

आमचा दादा जीपवेडा आहे. कौतुकाने म्हणतात तसला वेडा नव्हे, खराखुरा. गॅरेजांच्या गल्लीत त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि तिथे तो एकाच कंपनीच्या जीपना हात लावतो. त्या दुसऱ्या कंपनीची जीप दारात आली तर मान न वळवता पुढचं दुकान दाखवतो. तिचं नावसुद्धा घेत नाही, 'ते लोक' म्हणतो. मी त्याची धाकटी बहीण. गल्लीच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे हा सगळा तमाशा रोज बघते आणि रोज त्यावरून भांडते. राग माझ्या नाकावरच असतो, त्यात लपवायचं काय!

वहिनी गुरांची डॉक्टर, सरकारी खात्यात. आठवड्यातले चार दिवस ती जुनी जीप घेऊन डोंगरावरच्या वस्त्यांवर जाते. रस्ता म्हणजे नुसते दगड. जीप दादाच्या लाडक्या कंपनीची, हे वेगळं सांगायला नको. ती कुठेही चढते हो, पण मागे ठेवलेलं काही धड राहत नाही. बर्फाच्या पेट्या, दोरखंड, बादल्या, गमबूट, सगळं एकमेकांवर आदळत असतं. मागच्या फेरीत लशीच्या दोनशे कुप्यांपैकी एकतीस फुटल्या. मग खात्याचं पत्र आलं. पुढच्या फेरीला साहेब स्वतः बरोबर येणार. पाचपेक्षा जास्त कुप्या फुटल्या तर वरच्या वस्त्यांची फेरी बंद, आणि वहिनीने ऑफिसात टेबलाशी बसायचं.

पत्र वाचून वहिनी उठली आणि कपाट आवरायला बसली. एरवी तिचं कपाट उघडलं की काहीतरी पायावर पडतंच. ती कपाट आवरते म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय हे आम्हाला कळतं. सगळ्या साड्या तिने तीनदा घडी केल्या.

"दादा," मी म्हटलं, "त्या दुसऱ्या कंपनीच्या जीपमध्ये मागे खण असतात. बँकेसमोर एक उभी होती, मी बघितले. ओढले की रुळांसारख्या चॅनलवरून सरसर बाहेर येतात, आणि आतली वस्तू जागची हलत नाही."

दादाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फितूरच झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता लग्नातला कोट घालून माझ्या दुकानात हजर!

"शटर ओढ. त्या लोकांकडे जायचंय. आणि गल्लीत कुणाला बोललीस तर याद राख."

"म्हणजे चोरी करायची?"

"बघायला काय जातंय?"

मी दिवसभर लोकांच्या कागदांच्या नकला काढते, मला नकलेचं कसलं वावडं! ओढलं शटर.

शोरूमची फरशी इतकी चकचकीत की दादा दारातच चपला काढायला लागला. मी कोपराने ढोसलं. टाय लावलेला, टक्कल पडलेला, हसऱ्या चेहऱ्याचा सेल्समन पुढे आला. "या सर, या मॅडम. नवीन गाडी बघताय?"

"हो. ही माझी..." दादा अडखळला.

"फॅमिली," मी म्हटलं. बहीण काय फॅमिलीत येत नाही?

सेल्समन बिचारा सीटबद्दल, गाण्यांच्या सिस्टिमबद्दल सांगत होता आणि दादा केव्हाच मागच्या दाराशी पोचला होता. त्याने खण ओढला. सर्रर्र, टक्. आत ढकलला. पुन्हा ओढला. पुन्हा ढकलला. अकरा वेळा! शपथ घेऊन सांगते, मुंडावळ्या बांधल्या तेव्हासुद्धा त्याचा चेहरा इतका खुलला नव्हता.

सेल्समन कॉफी आणायला गेला तशी आमची धांदल उडाली. टेप काढली तर बिंग फुटेल, म्हणून वितीने मोजायचं ठरलं. "तू मोज," दादा म्हणाला. मी वीत टाकत गेले आणि आकडे तळहातावर लिहीत गेले. रुंदी साडेतीन विती, उंची दीड वीत दोन बोटं. लांबीला मात्र हात पुरेना.

"आडवी हो," दादा म्हणाला.

"काय?"

"तुझी उंची मला पाठ आहे. आत आडवी हो, किती उरते बघू."

तर मी, बेचाळीस वर्षांची बाई, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, न घेतलेल्या गाडीच्या मागच्या भागात पाय बाहेर सोडून आडवी झाले. दादा चॅनल खालून कसे बसवलेत ते बघायला गाडीखाली शिरला. आणि कॉफी आली.

सेल्समनने माझ्याकडे बघितलं. मग खाली दिसणाऱ्या दादाच्या पायांकडे बघितलं.

"झोप कशी लागते ते बघतेय," मी म्हटलं.

त्याने ट्रे शांतपणे बाजूला ठेवला. "मॅडम, टेप आणून देऊ का? या आठवड्यातले तुम्ही चौथे."

दादा गाडीखालून बाहेर आला तो कान लाल करून, आणि त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. वहिनी, तिची आमच्या कंपनीची जीप, डोंगर, एकतीस कुप्या, खात्याचं पत्र, आवरलेलं कपाट. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याला हाकलणार. पण त्याने बाह्या सारल्या, अख्खा खण चॅनलवरून उचलून काढला आणि दादासमोर पालथा घातला.

"नीट बघून घ्या. हा खटका आहे ना, खण आपोआप उघडू नये म्हणून, तो आमच्या लोकांनी कुठून उचललाय सांगू? तुमच्या कंपनीच्या जुन्या जीपमधल्या हत्यारांच्या पेटीवरून. माझ्या वडिलांकडे होती ती जीप."

दादाने त्याला मिठीच मारली. कोट पाठीवर टरकन उसवला. येताना बसमध्ये आम्ही दोघं इतके हसलो की समोरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

पुढचे सहा दिवस दादाने दुसरं काम घेतलं नाही. प्लायवूड कापलं, पत्रा वाकवला, प्रत्येक कुपीला फोमचा वेगळा कप्पा केला, कडेला बर्फाच्या पिशव्यांना जागा ठेवली. सातव्या दिवशी आम्ही दोघांनी खण बसवलेली ती भलीमोठी पेटी उचलली, एक-दोन-तीन म्हणत जीपमध्ये ढकलली, आणि ती अर्ध्यात अडकली. डाव्या चाकावरचा पत्र्याचा फुगवटा आडवा आला होता, चांगला चार बोटं.

"आपल्या गाडीचं माप घेतलंस ना?" मी विचारलं.

"मी? तू घेतलंस ना?"

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. दुसऱ्याची गाडी अगदी केसाकेसाने मोजली होती. दारात उभ्या असलेल्या आपल्या गाडीला टेप लावायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं! मी तोंडाचा पट्टा सोडणार इतक्यात दादा मट्कन खाली बसला आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मलाही राहवेना. हसून झाल्यावर त्याने करवत घेतली आणि पेटीचा डावा कोपरा छाटून टाकला. संध्याकाळपर्यंत खण बसला. सर्रर्र, टक्.

फेरीच्या दिवशी वहिनी गाडी चालवायला, शेजारी मांडीवर फाईल घेऊन साहेब, मागच्या सीटवर आम्ही दोघं. दादा मेकॅनिक म्हणून आला होता. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण अडवणार कोण! पहिल्याच चढाला गाडी अशी उडाली की साहेबांचा चष्मा फाईलवर पडला. मागून मात्र आवाज नाही. दादा कासावीस झाला.

"आवाज का येत नाही?" तो माझ्या कानाशी कुजबुजला.

"येऊ नये म्हणूनच केलं ना सगळं?"

"अगं, पण काहीच नाही? सगळ्या एकदम फुटल्या असतील. नाहीतर आपण ठेवल्याच नाहीत!"

तो सीटच्या पाठीला कान लावून बसला आणि तीनदा डोकं आपटून घेतलं. वहिनीने सबंध रस्ताभर मागे वळून बघितलं नाही.

वरच्या वस्तीवर गाडी थांबली. माणसं गुरं घेऊन उभीच होती. वहिनीने खण ओढला आणि साहेब एकेक कुपी उचलून मोजायला लागले. "एकशे नव्याण्णव," ते म्हणाले. "एक कमी आहे."

"तुमच्या हातात आहे, साहेब," वहिनी म्हणाली.

साहेबांनी हाताकडे बघितलं, ओशाळं हसले आणि तिथेच, बॉनेटवर फाईल ठेवून, फेरी चालू ठेवावी असं लिहून सही केली. मी टाळ्या पिटल्या. एक बकरी घाबरून पळाली आणि तिच्यामागे तिचा मालक. वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, मग गमबूट चढवले आणि कामाला लागली.

आम्ही दोघं एका दगडावर टेकलो. मला बोलल्याशिवाय राहवेना. "दादा, टेबलाशी बसली असती तर रोज पाचच्या ठोक्याला घरी असती ती. इतकी वर्षं तुला तेच तर हवं होतं."

"हवं होतं ना," तो म्हणाला. "पत्र आलं तेव्हा आधी मला आनंदच झाला. खोटं कशाला बोलू."

"मग हा एवढा खटाटोप कशाला केलास?"

त्याने नुसती हनुवटी समोर केली. गाभण आहे का ते बघायला वहिनीचा हात कोपरापर्यंत एका गाईच्या पोटात होता, गालावर चिखल उडाला होता, मालकाला ती मोठमोठ्याने रागावत होती आणि मधूनच खदखदून हसत होती. साड्यांच्या घड्या करणारी ती बाई हीच, यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

"घरी आली असती गं," दादा म्हणाला. "पण ही आली असती का?"

माझे डोळे भरून आले, ते मी तसेच भरू दिले.

"अहो!" वहिनी तिकडून ओरडली. "नुसते बसून काय राहिलात? या, शेपूट धरा!"

दादा धावत सुटला.