रिंगवरच्या लिडा आजी

लिडा आजी चहाला बसल्या की आधी गाव मांडायच्या. टेबलाच्या मधोमध पाव, म्हणजे शहर. भोवती साखरेचे चौकोनी तुकडे गोलाकार, म्हणजे खाणी. प्रत्येक खाणीला चिकटून एक वस्ती. मग चमच्याच्या दांड्याने त्या सगळ्यांना जोडणारा रस्ता काढायच्या. "हा रिंग. बसमध्ये बसलं की फिरून तिथंच आणून सोडतो. हरवायची सोयच नाही." पूर्वेला चहाची किटली, म्हणजे उरल पर्वत. उत्तरेला काहीच नाही. "तिकडे समुद्र. गोठलेला. त्याला काय मांडायचं?"

गावाचं नाव वोर्कुता. रशियाच्या पार वरच्या टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला मास्टर्स करायला आले, तेव्हा लिडा आजींच्या वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली. जिन्यात पावलं वाजली की ती जाईपर्यंत मी दाराआड थांबायचे. डिसेंबरात एका दुपारी दार वाजलं. ठेंगणी, जाड लोकरी जाकिटातली म्हातारी.

"आल्झो, म्हणजे माणूस आहे तर! पावलं ऐकू येत नाहीत. मला वाटलं, वर मांजर ठेवलंय."

तेव्हापासून दर रविवारी मी खाली जाऊ लागले. मला बोलावं लागत नसे, ते बरं होतं. आजी बोलायच्या आणि खिडकीबाहेरची पिवळी ट्राम, ओला रस्ता, समोरची बेकरी हळूहळू पुसट व्हायची. बारा महिने गोठलेली जमीन दिसायची. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा मऊ पडतो, म्हणून खांबांवर उभी केलेली घरं दिसायची. ऐन हिवाळ्यात सूर्य क्षितिजाआडून नुसता उजेड पाठवायचा, स्वतः यायचा नाही. हिमवादळ आलं की दारापासून दुकानापर्यंत दोर बांधायचे आणि लोक त्याला धरून पाव आणायला जायचे.

"तुमचे लोक तिथे गेलेच कशाला?" मी एकदा विचारलं.

"गेले नाहीत, नेले. युद्धात, रशियातले जर्मन म्हणून माझ्या वडिलांना कैदी करून नेलं. त्यांच्यासारख्यांनीच त्या खाणी खणल्या. सुटल्यावर म्हणाले, आता जायचं कुठे? म्हणून आम्ही तिथले." एखाद्या सुपाची कृती सांगावी तसं त्यांनी हे सांगितलं.

आजी खाणीच्या दिव्यांच्या खोलीत कामाला होत्या. खाली उतरणाऱ्याने आपला पत्र्याचा बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे.

"आणि बिल्ला तसाच राहिला तर?"

"दिवे पुसायची फडकी धुवायला घ्यायची. हाताला काम हवं. माझ्या इव्हानचा एकदा राहिला होता. दुसरी शिफ्ट वर आली तरी तसाच. मग आला, आणि विचारतो, जेवायला काय?" त्या हसायच्या. "कोळशातून वर आलेला माणूस आंघोळीपर्यंत कुणाचाच नवरा नसतो, पोरी. सगळे सारखेच काळे."

पुढे कोळसा परवडेना. एकेक खाण बंद झाली, वस्त्यांमधलं हीटिंग बंद झालं, घरं तशीच उभी राहिली. इव्हानला तिथल्या जमिनीत ठेवून आजी मुलाबरोबर जर्मनीत आल्या.

मागच्या शरद ऋतूत त्या जिन्यात पडल्या. मुलगा व्हिक्टर दूर दक्षिणेला, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात आहे; तो त्यांना न्यायलाच आला. आजी हलेनात.

"एकदा गाव सोडून झालंय. पुन्हा नाही."

"आई, तिथे लिफ्ट आहे. बाग आहे."

"खाली काय आहे?"

"तळघर."

"माणसं आहेत? पायाखाली कुणी नसलं की मला झोप लागत नाही."

"इथे तरी कुठे आहेत?"

"म्हणूनच इथे लागत नाही!"

व्हिक्टर माझ्याकडे वळला. "तूच समजाव हिला."

मी कुणाच्या घरच्या भांडणात बोलत नाही. पण इंटर्नशिपसाठी तिकडची माहिती काढताना एक गोष्ट वाचली होती. "तिथे मीठ आहे," मी म्हणाले. "नेकारसुल्मच्या शेजारीच मिठाची खाण आहे. चालू आहे अजून."

"हो, आहे की," व्हिक्टर म्हणाला. "त्याचं काय?" इतकी वर्षं तो तिथे राहत होता आणि हे आईला सांगावं असं त्याला कधी सुचलं नव्हतं.

आजींनी कप खाली ठेवला. "शिफ्ट असतात?"

"असतात."

"दिवे?"

"हेल्मेटवर."

त्यांनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "मिठाची माणसं पांढरी वर येत असतील. ओळखायला सोपी."

निघायच्या दिवशी सामान स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून त्यांनी आम्हाला खाली बसवलं. प्रवासाआधी गप्प बसायचं, ही त्यांची रीत. व्हिक्टर म्हणाला, "आई, गाडी नको तिथे लावलीय." "दंड भर, पण बस." मी सूटकेसवर बसले. त्या रिकाम्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं गोठलेल्या नदीवर बसल्यासारखे बसून राहिलो. मग आजी उठल्या.

मार्चमध्ये एका संध्याकाळी व्हिक्टरचा फोन आला. आजी गेल्या होत्या.

"त्रास झाला का?" मी विचारलं.

"नाही. दुपारी मला म्हणाली, शिफ्ट सुटली का बघ. मी खिडकीशी गेलो. म्हटलं, सुटली, सगळे वर आले. मग तिने डोळे मिटले."

"खिडकीतून खाण दिसते?"

"छे, समोरच्यांची भिंत दिसते," तो म्हणाला. "पण मी नीट बघितलं."