ताज्या मिरच्या

उतरवलेल्या मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका लागला तर दृष्ट नाही, न लागला तर दृष्ट होती, असं आमच्याकडे मानतात. गेल्या वर्षभरापासून माझ्या बोटांतून कळा येतात, कपडे पिळता येत नाहीत. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही, म्हणून काल सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत पडल्या आणि सगळं घर खोकायला लागलं.

"बघ, दृष्टबिष्ट काही नाही," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"धुणं दिसलं की दुखतंय तिला, दुसरं काय!" थोरल्या जाऊबाई हसल्या.

धूर सगळ्यांच्या घशात जातो म्हणून सगळ्यांना पटतो. कळ माझ्या एकटीच्या बोटांत राहते.

पण मी एक पाहिलं होतं. जाऊबाईंच्या मुलीची दृष्ट काढताना सासूबाई मिरच्यांच्या डब्याच्या तळातल्या जुन्या, पांढऱ्या पडून तिखटपणा गेलेल्या मिरच्या घेतात. माझ्यासाठी वरच्या ताज्या, लालभडक घेतल्या. मुद्दाम घेतल्या असतील का? आता मी बादली उचलली की सगळ्यांचं बोलणं थांबतं, असं वाटतं. कधी माझाच मला संशय येतो.

आज सगळे लग्नाला गेले. मी तळातल्या मिरच्या स्वतःवरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही. कुणीतरी माझ्या बाजूनं बोलल्यासारखं वाटलं. मग डब्याचं झाकण लावायला गेले, तर बोटांनी दाबता येईना. शेवटी कोपरानं दाबून बसवलं. ते बघायला घरात कुणी नव्हतं.