दादाच्या वाट्याची चिलापी

गिरणी बंद पडली तसे बाबा भांडुपला आमच्या चाळीमागच्या तळ्यावर गळ टाकून बसू लागले. ते गेल्यावर आम्ही भावंडांनी ती जागा सोडली नाही. रविवारी सकाळी मी, दादा आणि कणकेच्या गोळ्या. मिळतील त्या चिलापी निम्म्या निम्म्या.

पुढे दादाने तळ्याच्या वरच्या अंगाला नळांना निकेल-क्रोमचा मुलामा देणारा गाळा टाकला. धंदा झकास चालला. मग त्याचं युरिक ॲसिड वाढलं. "डॉक्टरने मासे बंद केलेत. माझा वाटा पण तूच ने गं, पोरीला आवडतात ना," म्हणायचा. मला भरून यायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मासे साफ करताना लालभडक असायचे ते कल्ले करडे, बुळबुळीत दिसायला लागले, तेव्हाच शंका यायला हवी होती. एकाचा तर कणाच वाकडा निघाला. दादाला विचारलं तर म्हणाला, "उन्हाळाय, पाणी आटलंय. दुसरं काय?" मला पटलं. दादा सांगतोय म्हटल्यावर पटणारच.

एकदा डबा भरून तळलेले तुकडे वहिनीकडे नेले. तिने झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

"तळ्यातले ना? आमच्याकडे नाही गं खात कुणी. गाळ्याचं पाणी तिथेच जातं, यांनीच ताकीद दिलीय." मग माझं तोंड बघून ती थबकली. "तुला माहीत नव्हतं?"

दादा आतल्या खोलीतून बाहेर आला. युरिक ॲसिडचं विचारलं, तर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

"पाणी साफ करायचं मशीन आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. रोज चालवायला परवडत नाही. सगळेच सोडतात."

"मग मला तरी सांगायचंस! माझी पोर खात होती रे!"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

नसते बसले. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. साहेब लोक आले, त्या दिवशी मशीन बरोबर चालू होतं. चहा पिऊन गेले. मुलीचं रक्त तपासून घेतलं, डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. वहिनीकडून दादाला ते कळलं तसा त्याचा फोन आला. "बघ, काही झालं का? उगाच घर डोक्यावर घेतलंस."

त्यानंतर मी त्याचा फोन उचललेला नाही.