हात लावून पाहा

प्रदर्शनाच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'हात लावून पाहा'. तशी पाटी अजूनही कुठं दिसली की माझं डोकं फिरतं. बरोबरची माणसं विचारतात, एवढ्याशा पाटीवर रागवण्यासारखं आहे काय? आहे. सांगते.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ होता. दुष्काळ मागं पडून आमच्या उसात पुन्हा पाणी खेळू लागलं होतं. मी साताऱ्याच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. कृष्णाकाठच्या आमच्या गावातून रोज लाल एसटीनं यायचे-जायचे आणि पोरगी गणित शिकते म्हणून गावात जरा चेष्टेचा विषय झाले होते. त्या वर्षी पुण्यात गणकयंत्र चालवायला शिकवणारा एक वर्ग निघाला. आमच्या सरांनी माझं नाव पाठवलं आणि माझी निवड झाली. राहायला मावशीचं घर होतं. सगळं जमून आलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

आबा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. न बघता त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही. बैल घेताना दात बघणार, बियाणं घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालणार. मी पुण्याचं काढलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आदी ते मशीन काय असतंय ते बघू. बघितल्याबिगर व्हय बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई."

मला हे फार आवडलं होतं. मैत्रिणींचे वडील विचारायच्या आधीच नाही म्हणायचे. माझे वडील बघायला तयार होते. कॉलेजात मी ही गोष्ट किती जणींना मिरवून सांगितली, ते आठवलं की आता स्वतःचाच संताप येतो.

तेवढ्यात सांगलीला गणकयंत्रांचं प्रदर्शन आलं. माणूस मण्यांवर हिशेब करत होता तिथपासून ते कॉम्प्युटरपर्यंतची सगळी कहाणी, आणि ठेवलेली प्रत्येक वस्तू लोकांनी स्वतः चालवून बघायची. मी आबांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "चल, जाऊ." त्यांनी ठेवणीतला कोट घातला. आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडीत खिडकीची जागा आबांनी मला दिली. कराड मागं पडलं तरी मी बोलतच होते. कॉम्प्युटर काय करतो, त्याला काम कसं सांगावं लागतं, वर्गात काय शिकवणार. आबा ऐकत होते. मधूनच कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवून काहीतरी चाचपत होते. मला वाटलं, पाकीट असेल.

प्रदर्शन एका कॉलेजच्या इमारतीत भरलं होतं. पहिल्या खोलीत मण्यांच्या चौकटी होत्या, दुसरीत सरकपट्ट्या, म्हणजे स्लाइड रूल, आणि पितळेची हातानं फिरवायची यंत्रं. आकडे लावायचे, मूठ फिरवायची की आतली चाकं करकरत सरकायची आणि गुणाकार वर येऊन बसायचा. आबांनी मूठ फिरवली, घंटी वाजली आणि ते लहान मुलासारखे हसले. मग मी हात पुढं केला, तर तिथला माणूस म्हणाला, "मुलींनी जरा मागून बघा. नाजूक यंत्र आहे."

नाजूक! पितळेचं ते धूड उचलायला दोन गडी लागले असते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मी काही बोलायच्या आत आबाच बोलले, "आवं, दारावर काय लिवलंय? तिला फिरवू द्या. तिच्यासाठीच आलूय आमी."

त्या माणसानं मूठ सोडली. मी फिरवली. एवढ्या लोकांत आपला बाप आपल्या बाजूनं बोलला, या आनंदात मी पुढच्या खोल्या जवळजवळ पळतच पाहिल्या. पुणं माझ्या हातात आलं होतं. मनातल्या मनात मी मावशीच्या घरी ट्रंक नेऊन ठेवली होती.

शेवटच्या दालनात मोठी यंत्रं होती. जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडणारं एक, आणि त्या भोकांवरून कार्डं वेगळी काढणारं दुसरं, कपाटाएवढं. हेच बघायला तर मी आले होते. पण दालनात ही गर्दी! रांग पार व्हरांड्यापर्यंत गेलेली. रांगेत निम्म्याहून जास्त पागोटी, टोप्या आणि पदर सावरणाऱ्या बायका. सांगलीला गणकयंत्रांची एवढी आवड कधीपासून लागली, असं मनाशी म्हणत मी मान उंच केली, तर यंत्रावर दुसरी पाटी दिसली. 'येथे यंत्राद्वारे पत्रिका जुळवून मिळेल.'

मला लाज वाटली. जगातल्या हुशार माणसांनी पिढ्यान् पिढ्या डोकं झिजवून हे यंत्र केलं आणि आपण त्याला भटजीच्या पाटावर नेऊन बसवलं. मी आबांना म्हणाले, "आबा, हितं नुसती गर्दी हाय. आपण पलीकडनं बघू."

आबा रांगेत जाऊन उभे राहिले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि दोन पत्रिका बाहेर काढल्या. एक माझी. दुसरी कुणाची, ते मला विचारावं लागलं.

"फलटणचं स्थळ हाय," आबा म्हणाले. "ऊस लय हाय. पोरगा कारखान्यावर केमिस्ट हाय. वाईचे गुरुजी म्हणत्यात, एकनाड येतीय, जुळत न्हाई. म्हनलं, मशीनला बी इचारू."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती त्या दिवशी मला कळली. मी सगळ्या वाटेनं पुण्याचं बोलत होते आणि हा माणूस फलटण खिशात घालून शेजारी बसला होता! मशीन बघायला आलो होतो खरं. पण मशीननं मलाच बघायचं होतं.

"आन् पुण्याचं?" मी विचारलं.

"बघू की. आदी हे हुं दे."

मी तिथून निघून का गेले नाही? दालनाबाहेर सांगली होती आणि सांगलीत मी आबांशिवाय कुणाला ओळखत नव्हते. मी रांगेत उभी राहिले आणि रागारागानं यंत्राकडं बघत राहिले. बघता बघता ते काय करतंय हे माझ्या ध्यानात आलं. पंचांगात वधूवरांच्या नक्षत्रांचं कोष्टक असतं. त्यातल्या प्रत्येक जोडीचं एकेक कार्ड करून कुणीतरी गठ्ठा लावून ठेवला होता. आपण आपल्या नक्षत्रांचं कार्ड टोचायचं, यंत्र गठ्ठ्यातलं तसंच कार्ड शोधून खाली टाकणार आणि त्याच्या कडेवर आधीच टाइप केलेला निकाल आपण वाचायचा. एवढंच. गणित म्हणाल तर काडीचंही नाही.

यंत्रापाशी टाय लावलेला एक तरुण होता. आमची पाळी आली तेव्हा मी त्याला तसं म्हणालेही, "हे पंचांगातलं कोष्टकच आहे ना? भोकं पाडून ठेवलेलं?"

"ताई, तुम्हाला नाही कळायचं ते," तो गोड हसून म्हणाला आणि आबांकडं वळला. "काका, भटजी चुकेल, यंत्र चुकत नाही. बसा ताई. तुमचं कार्ड तुम्हीच टोचा."

मी स्टुलावर बसले. टाइपरायटरसारखी कळ दाबली की खट् आवाज व्हायचा आणि कार्ड पुढं सरकायचं. एवढी चिडलेली असूनही सांगते, त्या आवाजानं माझं मन निवलं. माझं रोहिणी नक्षत्र, शेवटचा चरण. मुलाचं श्रवण. समोर टांगलेल्या खुणांच्या तक्त्यावर बघून मी सगळं टोचलं. एकही कळ चुकली नाही. कार्ड यंत्रात गेलं, गठ्ठा फडफडला आणि खालच्या कप्प्यात निकाल पडला. एकनाड. विवाह वर्ज्य.

मला हसू आवरेना. वाईच्या गुरुजींचे आणि त्या लोखंडी कपाटाचे दोघांचेही पाय धरावेत असं वाटलं. आबांचा चेहरा मात्र पडला.

टायवाल्यानं तो पडलेला चेहरा बघितला. आत्ता आत्ता यंत्र चुकत नाही म्हणणारा तो गडी आबांच्या जवळ सरकून हळूच म्हणाला, "काका, जन्मवेळ कुणी सांगितली होती? घरात घड्याळ होतं?"

"घड्याळ कुठलं? दिवेलागणीला झाली, असं म्हातारी सांगायची."

"मग झालं की! रोहिणी संपतच आलीय. दिवेलागण थोडी पुढं ढकला, मृग लागतो. नाडी सुटली."

जन्मवेळ अशी पुढं-मागं सरकवणं आमच्याकडं नवीन नव्हतं. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून भल्याभल्यांच्या घरी हे होत आलं होतं. पण ते माजघरात, दार ओढून घेऊन. इथं भर दालनात, दिव्यांच्या उजेडात, कधीही न चुकणाऱ्या यंत्रासमोर माझा जन्म ढकलला जात होता, आणि रांगेतली माणसं माना डोलवत होती.

टायवाल्यानं कोरं कार्ड लावलं. "ताई, आता मृग टोचा."

मी रोहिणी टोचली. गठ्ठा फडफडला, तोच निकाल. "अहो, मृग, मृग," तो म्हणाला. दुसरं कार्ड लागलं. मी पुन्हा रोहिणी टोचली. रांगेत कुणीतरी हसलं. आबा खाली वाकून म्हणाले, "काय गं, तुला येत न्हाई व्हय?"

"येतंय, आबा," मी म्हणाले. "येतंय म्हणूनच तेच निघतंय."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं. मला नक्की माहीत आहे, त्यांना कळलं, कारण त्यांनी मान फिरवली आणि टायवाल्याला म्हणाले, "तुमी दाबा."

मला स्टुलावरून उठवलं गेलं. टायवाल्यानं खटाखट मृग टोचला. यंत्रानं जराही कुरकुर न करता नवं कार्ड टाकलं. उत्तम. विवाह शुभ. रांगेत आनंदीआनंद झाला. मागचे एक पागोटेवाले पुढं घुसून म्हणाले, "आमच्या पोरीचं बी जरा फुडंमागं बघा की." पुढं माझ्या लग्नाच्या मांडवात आबा येईल त्याला ते कार्ड दाखवत होते. मशीननं जुळवलंय, म्हणून सांगत होते. मला मात्र त्या घडीला रोहिणीचं ते पहिलं कार्ड हवं होतं. टायवाल्यानं ते चुरगळून स्टुलाखाली टाकलं होतं.

एसटी स्टँडवर आलो तेव्हा उन्हं कलली होती. आबा खुशीत होते. त्यांनी भडंगाची पुडी घेतली आणि साताऱ्याच्या गाडीत पुन्हा खिडकीची जागा मलाच दिली. गाडी सांगलीबाहेर पडली. मग उरलंसुरलं धैर्य गोळा करून विचारलं, "आबा, आन् पुण्याचं?"

आबांना खरोखर नवल वाटलं. अंगावर ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण ते मायेनं म्हणाले, "आता पुण्याचं कशाला, बाळा? बघितलंस की मशीन. हात बी लावलास. झाली की हौस."

आणि त्यांनी भडंगाची पुडी माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. त्यांना वाटलं, तिखट असेल म्हणून.