रिकाम्या टाकीतला मासा

सकाळी प्रयोगशाळेत शिरले की आमचे अटेंडंट काका काचेवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि म्हणायचे, "चला भिया लोग, हाजिरी!" टाकीतले तिलापिया मासे तोंडं वर करून गोळा व्हायचे. मग शेजारच्या रिकाम्या टाकीवरही तशीच टकटक.

"अहो काका, तिच्यात कोणीच नाही!"

"म्हणून काय झालं मॅडम? तिला बुरं नको वाटायला."

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. हुद्दा सगळ्यात खालचा, पण सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे. काका राजेंद्र नगरात राहायचे. वडील इथल्या मिलमध्ये लागले तेव्हापासून ते इंदूरचेच. मी कोल्हापूरची, नवी आणि स्वभावाने तापट. पोह्यांवर शेव बघून मी नाक मुरडलं, तर म्हणाले, "पहले खा तर, मग भांडा."

आमचं काम तसं सोपं सांगता येईल. माशाच्या अंगचा चिकटा, खवल्याचे कण, विष्ठा हे सगळं पाण्यात सुटत राहतं आणि त्यासोबत त्याचा डीएनए. बाहेरून आलेला मासा एखाद्या तलावात घुसलाय का, हे नुसत्या पाण्यावरून कळावं म्हणून आम्ही टाक्यांत मोजत होतो. एकीत दहा मासे, एकीत पाच, एकीत एक. शेवटची मुद्दाम रिकामी, पडताळ्यासाठी; तिच्या पाण्यात काहीही सापडता कामा नये.

सापडलं. पुन्हा पाणी तपासलं, पुन्हा तिलापियाचा डीएनए सापडला. टाक्या काकाच सांभाळायचे, म्हणून मी त्यांच्यावरच घसरले.

"काका, सगळीकडे एकच जाळी घातलीत ना?"

"नाही हो मॅडम. हर टंकीची जाळी अलग, मग्गा अलग. हात तीन बार धुतो."

"मग मासा काय उडत आला?"

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "आमच्या घरात तर कोणी मासे खात पण नाही," एवढंच पुटपुटले.

मी विभागप्रमुखांच्या कानावर घातलं. काकांची नोकरी दर वर्षीच्या करारावर होती. तो पुढे वाढला नाही. जाताना माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता भांडतील. "बिलकुल याद नाही येत," ते म्हणाले, "पण तुम्ही म्हणता तर झाली असेल चूक." भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मासे सकाळी ठरल्या वेळी काचेशी जमायचे आणि तसेच थांबायचे. मला तिकडे बघवत नसे.

टाक्या धुतल्या, पाणी बदललं, नवा माणूस ठेवला. रिकाम्या टाकीत पुन्हा मासा! मग रोजचं काम एकेक करून तपासलं आणि माझाच हात सापडला. पाण्याचं तापमान मी घ्यायची. थर्मामीटर एकच. दहा माशांच्या टाकीपासून सुरुवात, शेवटी रिकामी टाकी. मधे नुसतं टिश्यूने पुसायचं. काकांनी एकदा विचारलंही होतं, "मॅडम, ही कांचेची नळी इकडून तिकडे चालते का?" मी म्हटलं होतं, "ते माझं खातं, काका." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी माझ्या हाताने दिली होती.

लगेच जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी दोन महिने घालवले. लाज वाटत होती, दुसरं काय!

शेवटी एकदा काकांच्या घरी गेले, तर दार काकूंनी उघडलं. समोरच्या भिंतीवर काकांचा फोटो होता, हार घातलेला. काकूंनी मला आत बसवलं.

"घरी बसल्यापासून पिण्याच्या पाण्याला हात नव्हते लावत," काकू सांगू लागल्या. "म्हणायचे, माझ्या हाताला मासा लागलाय, जातच नाही. बीमार पडले, तरी पेला धरेनात. शेवटपर्यंत मीच पाजलं."

"काकू, त्यांचे हात स्वच्छ होते हो," मला रडू आवरेना. "चूक माझी होती. माझ्या थर्मामीटरची."

त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि फोटोसमोर नेऊन उभं केलं.

"मला नका सांगू, त्यांना सांगा. आणि जरा जोरात बोला, त्यांना कमी ऐकू यायचं."